मेंडोटाचं सिबली हाऊस: पहिल्या गव्हर्नरचं घर जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं?

अमेरिकेत मिनियापोलिसच्या एअरपोर्टवरून बाहेर पडलं की अगदी थोड्या वेळात मेंडोटा नावाचं गाव लागतं. गाव म्हणजे काय, शे-दोनशे लोकवस्ती, एक चर्च, दोन-चार खाण्याच्या जागा आणि खाली नदी. मिनेसोटा नदी इथे मिसिसिपीला मिळते. त्या संगमाजवळच्या उतारावर चुनखडीच्या दगडाचं एक जुनं घर आहे, १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधलेलं. त्या राज्यात गोऱ्यांनी बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी हे एक. घर हेन्री हेस्टिंग्ज सिबलीचं, आणि सिबली म्हणजे मिनेसोटा राज्याचा पहिला गव्हर्नर.

आता गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजभवनातले राज्यपाल येतात, राष्ट्रपतींनी नेमलेले, शपथविधीला दिसणारे. अमेरिकेतला राज्याचा गव्हर्नर तसा नसतो, तो लोकांनी थेट निवडून दिलेला असतो आणि कारभार तोच चालवतो, म्हणजे अधिकाराने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जाईल.

तर प्रश्न असा की एखाद्या राज्याच्या पहिल्या गव्हर्नरचं घर शाबूत आहे, सरकारच्या ताब्यात आहे, लोक बघायला येतात, मग त्यात अवघड काय? पाटी लावा, दिवाणखाना सजवा, जयंतीला हार घाला, झालं. पण सिबलीच्या बाबतीत हे इतकं सरळ होत नाही आणि का होत नाही ते समजून घेतलं तर कुठल्याही जुन्या पुढाऱ्याच्या घराचं म्युझियम कसं चालतं, तिथे काय सांगितलं जातं आणि काय गाळलं जातं, ते बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात एका साध्या हिशोबापासून करू. सिबली जन्मला १८११ साली डेट्रॉइटला आणि वारला १८९१ साली सेंट पॉलला, म्हणजे आयुष्य ८० वर्षांचं. त्यातला गव्हर्नरकीचा काळ किती? २४ मे १८५८ ते २ जानेवारी १८६०, दोन वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत. त्याने पुन्हा निवडणूकही लढवली नाही. आणि मेंडोटाच्या घरात तो राहायला आला गव्हर्नर होण्याच्या किती तरी आधी, तेव्हा तर मिनेसोटा नावाचं राज्यच नव्हतं. मग घराच्या पाटीवर ‘पहिला गव्हर्नर’ लिहिलं की बाकीची सगळी वर्षं त्या दोन शब्दांमागे जातात. त्या बाकीच्या वर्षांतच खरी गोष्ट आहे.

बाप न्यायाधीश, पोराने वकिली शिकावी अशी अपेक्षा, पण पोराला कायद्याचा कंटाळा. तो अमेरिकन फर कंपनीत लागला आणि १८३४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भागीदार म्हणून मेंडोटाला आला. फर म्हणजे प्राण्यांची केसाळ कातडी. युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत टोप्या आणि कोटांसाठी तिला जबरदस्त मागणी होती, आणि शिकार करायचे डाकोटा या आदिवासी जमातीचे लोक. हे सगळं त्यांचंच मूळ गाव. संगमाला ते ब्डोटे म्हणतात आणि त्यांच्यातले बरेच जण आपल्या लोकांचा उगमच तिथला मानतात. समोरच्या कड्यावर अमेरिकन लष्कराचा फोर्ट स्नेलिंग किल्ला, अलीकडे कंपनीचं ठाणं, असा नकाशा.

धंदा कसा चालायचा ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हिवाळ्याआधी कंपनी शिकाऱ्यांना बंदुका, दारूगोळा, सापळे, ब्लँकेट असा माल उधारीवर द्यायची, वसंतात ते कातडी आणून उधारी फेडायचे. मालाची किंमत कंपनी ठरवणार, कातडीची किंमतही कंपनीच ठरवणार आणि वहीसुद्धा कंपनीकडेच. आपल्याकडे दख्खनमध्ये सावकार आणि कुळाचं जे चालायचं, ज्याचा भडका १८७५ मध्ये सुप्यात उडून लोकांनी कर्जरोखे जाळले, त्याच जातीचं हे प्रकरण. पुढे प्राणी कमी झाले, फरचा बाजार पडला, उधारी मात्र वहीत वाढत राहिली. मग ती वसूल कशी करायची? शिकाऱ्यांकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जमीन, आणि जमीन विकत घेणार होतं सरकार.

१८३७ च्या तहात ही युक्ती आधीच दिसते, त्यात जमिनीच्या बदल्यातल्या पैशातून ९०,००० डॉलर व्यापाऱ्यांचं देणं भागवायला बाजूला काढले होते. मग आलं १८५१ साल. २३ जुलैला ट्रॅव्हर्स दे सू इथे आणि ५ ऑगस्टला मेंडोटाला, असे दोन तह झाले आणि डाकोटांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सोडली. अंदाज यावा म्हणून सांगतो, हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश भरतं. कबूल केलेली रक्कम पहिल्या तहात १६,६५,००० डॉलर आणि दुसऱ्यात १४,१०,००० डॉलर. पण त्यातली मोठी रक्कम सरकारने स्वतःकडेच ठेवायची आणि तिच्यावर ५ टक्के व्याज ५० वर्षं द्यायचं, अशी अट. म्हणजे मुद्दल हातात येणारच नाही, दर वर्षी वार्षिक हप्ता तेवढा मिळणार. आणि ट्रॅव्हर्स दे सूला तर तहावर सह्या झाल्यावर डाकोटा पुढाऱ्यांना बाजूला नेऊन आणखी एका कागदावर सही करायला लावली. तो कागद म्हणजे व्यापाऱ्यांची थकबाकी आधी चुकती करण्याची कबुली. तहाचीच आणखी एक प्रत आहे असं आम्हाला वाटलं, असं काही पुढाऱ्यांनी नंतर सांगितलं. या व्यापाऱ्यांमध्ये सिबली होता, आणि किरकोळ नव्हता, मोठ्या दावेदारांपैकी होता. तह करणाऱ्या सरकारी माणसांपैकी एक म्हणजे तेव्हाचा टेरिटरीचा गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसी. पैसे कसे वाटले यावर पुढे त्याची सिनेटकडून चौकशी झाली, त्यातून तो सुटला.

इथे एक गोंधळ व्हायची शक्यता आहे. रॅमसी गव्हर्नर होता तर सिबली पहिला कसा? अमेरिकेत एखादा प्रदेश राज्य व्हायच्या आधी टेरिटरी असतो आणि तिचा गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमून येतो, निवडून येत नाही. मिनेसोटा टेरिटरी झाली ३ मार्च १८४९ ला आणि रॅमसी तिचा पहिला नेमलेला गव्हर्नर. गंमत म्हणजे तो मे महिन्यात बायको-मुलासकट आला तेव्हा सेंट पॉलमध्ये राहायला धड जागा मिळेना, म्हणून सुरुवातीला मुक्काम कुठे, तर सिबलीच्याच मेंडोटाच्या घरी. म्हणजे दोन ‘पहिले’ गव्हर्नर काही दिवस एकाच छपराखाली राहिले. पुढे ११ मे १८५८ ला मिनेसोटा ३२वं राज्य झालं. त्याआधीच १८५७ मध्ये निवडणूक झाली होती आणि त्यात सिबलीने याच रॅमसीला हरवलं, १७,७९० विरुद्ध १७,५५० मतं, फक्त २४० चा फरक. निकालावर आरडाओरडा बराच झाला.

बरं, मग गव्हर्नर म्हणून केलं काय? खरं सांगायचं तर नव्या राज्याचा बराच वेळ रेल्वेच्या भानगडीत गेला. रेल्वे कंपन्यांना ५० लाख डॉलरपर्यंत सरकारी कर्जरोख्यांचा आधार द्यायचा, असं राज्य व्हायच्या थोडं आधी मतदारांनी मंजूर करून टाकलं होतं. १८५७ च्या मंदीत कंपन्या आधीच बुडायला आल्या होत्या. राज्याचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून सिबलीने कंपन्यांकडून जास्त पक्कं तारण मागितलं, कंपन्या कोर्टात गेल्या आणि कोर्टाने त्याला रोखे द्यायला लावले. शेवटी सुमारे २२ लाख ७५ हजारांचे रोखे निघाले, मातीचे भराव झाले, पण गाडी धावेल असा एक मैलही रूळ पडला नाही. मग लोकांनी कर्जच नाकारलं आणि ते प्रकरण मिटलं १८८१ मध्ये. या भांडणात सिबली बऱ्यापैकी सरळ वागला असं माझं मत आहे, नंतर सुद्धा राज्याने देणं फेडावं म्हणून तो बोलत राहिला. पण हे सगळं घरात बसून दाखवणार कसं? कर्जरोख्यांवर कुणी तिकीट काढून बघायला येत नाही हो!

त्याची दुसरी ठळक खूण म्हणजे राज्याची मुद्रा. ‘उत्तरेचा तारा’ या अर्थाचं फ्रेंच ब्रीद त्याने निवडलं आणि ते मुद्रेवर बसलं. मुद्रेवरचं चित्र असं होतं की पुढे गोरा शेतकरी नांगर धरून उभा आणि मागे आदिवासी माणूस घोड्यावर बसून निघालेला. दीडशेहून जास्त वर्षं ते चित्र सरकारी कागदांवर आणि मग झेंड्यावरही राहिलं. अखेर राज्याने समिती नेमली आणि ११ मे २०२४ पासून नवी मुद्रा आणि नवा झेंडा लागू केला. नव्या मुद्रेवर लून नावाचा पाणपक्षी आहे, वाइल्ड राइस नावाचं तिथलं पाणधान्य आहे आणि राज्याचं डाकोटा भाषेतलं नाव आहे, म्नी सोटा माकोचे. म्हणजे पहिल्या गव्हर्नरने दिलेली एक गोष्ट राज्याने अधिकृतपणे बाजूला ठेवली आणि त्याचं घर मात्र ठेवलं.

आता १८६२. यावर जरा थांबावंच लागेल.

तह झाल्यावर डाकोटांना मिनेसोटा नदीच्या दोन्ही काठांवर एक लांबट पट्टा राहायला दिला होता. १८५८ मध्ये, म्हणजे सिबली गव्हर्नर झाला त्याच वर्षी, नव्या तहाने त्यातला उत्तरेचा काठही गेला. शिकार संपलेली, शेती धड नाही, पोट वार्षिक हप्त्यावर, आणि त्यातलेही पैसे व्यापारी उधारीपोटी परस्पर कापून घेणार. १८६२ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि हप्ता लांबला. गोदामात धान्य होतं पण उधारी बंद. भूक असेल तर गवत खा, असं अँड्र्यू मायरिक नावाचा एक व्यापारी म्हणाल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. ऑगस्टच्या मध्यात ठिणगी पडली. डाकोटांमधल्या एका गटाने ताओयाते डूटा, इंग्रजीत लिटल क्रो, याच्या नेतृत्वाखाली हल्ले सुरू केले आणि काही शे गोरे लोक, त्यात बायका-मुलं बरीच, मारले गेले. मायरिक अगदी सुरुवातीलाच मारला गेला, प्रेताच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं. हप्त्याचं सोनं फोर्ट रिजली इथे पोचलं १८ ऑगस्टला, लढाई पेटली त्याच दिवशी. सगळे डाकोटा युद्धात नव्हते, अनेकांनी विरोध केला, काहींनी गोऱ्या कुटुंबांना लपवलं, हेही तितकंच खरं.

तेव्हा गव्हर्नर कोण? रॅमसी, तो १८५९ ची निवडणूक जिंकून आला होता. त्याने फौजेचा प्रमुख म्हणून कुणाला पाठवलं? सिबलीला. लष्करी शिक्षण काही नाही, पण डाकोटा लोकांना तो ओळखतो, त्यांची भाषा त्याला येते, या हिशोबाने. २३ सप्टेंबरला वुड लेकची लढाई झाली, तीन दिवसांनी २६९ बंदी सोडवले गेले आणि मग सिबलीने लष्करी आयोग नेमला. पाच अधिकारी, आरोपींना वकील नाही, आणि काही खटले तर पाच मिनिटांतसुद्धा आटोपले. साधारण पाच-सहा आठवड्यांत ३९२ जणांवर खटले चालले आणि ३०३ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. सिबलीला लगेच अंमलबजावणी हवी होती, पण राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागत होती. लिंकनने कागद मागवून घेतले आणि नागरिकांच्या कत्तलीत किंवा बलात्कारात भाग घेतल्याचा पुरावा कुणाविरुद्ध आहे आणि नुसतं लढाईत कोण होतं हे वेगळं काढायला लावलं. यादी ३९ वर आली, आणखी एकाची शिक्षा शेवटच्या क्षणी थांबली आणि २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकेटो गावात ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली. एका दिवसात इतक्या लोकांना फाशी अमेरिकेच्या इतिहासात ना आधी ना नंतर.

ज्यांच्यावर खटलाच नव्हता, म्हणजे प्रामुख्याने बायका, मुलं आणि म्हातारे, अशा सुमारे १,६०० जणांना नोव्हेंबरात चालवत फोर्ट स्नेलिंगला नेलं आणि किल्ल्याखालच्या नदीकाठी कुंपण घालून कोंडलं. हिवाळा, गोवर, इतर आजार, त्यात किमान शंभरावर माणसं गेली, काही अंदाज तीनशेपर्यंत जातात. ही जागा मेंडोटाच्या अगदी पलीकडच्या काठाला आहे. सिबली कुटुंब त्याच वर्षी घर सोडून सेंट पॉलला राहायला गेलं होतं. १८६३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तह रद्द केले, डाकोटांना राज्याबाहेर काढायचा कायदा केला, आणि त्या उन्हाळ्यात सिबली फौज घेऊन त्यांच्या मागे डाकोटा टेरिटरीत गेला.

यात सिबलीला निव्वळ खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण कागद तसं करू देत नाहीत. याच माणसाने १८५० मध्ये काँग्रेसमध्ये उभं राहून बजावलं होतं की आदिवासींना असंच रेटत राहाल तर परिणाम वाईट होतील. तो डाकोटांबरोबर शिकारीला जायचा, महिनोन्महिने त्यांच्यात राहायचा. लग्नाआधी एका डाकोटा स्त्रीपासून त्याला हेलन नावाची मुलगी झाली होती, १८४१ मध्ये. तिला त्याने नाकारलं नाही, तिच्या शिक्षणाची सोय केली, पण वाढवलं दुसऱ्या कुटुंबात. पुढे १८४३ मध्ये सारा जेन स्टीलशी लग्न केलं आणि संसार त्या दगडी घरात थाटला. म्हणजे ओळख होती, जिव्हाळाही असेल, आणि तरीही वही, तह आणि फाशी या तिन्ही ठिकाणी हात त्याचा होताच. मला तर हेच जास्त अस्वस्थ करतं.

मग हे घर स्मारक झालं कसं? एका फटक्यात नाही झालं. सिबलीने सोडल्यावर घर कॅथलिक चर्चकडे गेलं, तिथे काही वर्षं नन्सनी शाळा चालवली, नंतर एका चित्रकाराने चित्रकलेचा वर्ग भरवला, मग गोदाम, आणि शेवटी नुसती पडझड, भटके लोक रात्री आसऱ्याला. १९१० मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या संघटनेच्या बायकांनी ते ताब्यात घेतलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ज्यांचे पूर्वज होते अशा स्त्रियांची ही संघटना. त्यांनी पैसे जमवले, भिंती सावरल्या, जुनं फर्निचर मिळवलं आणि म्युझियम उघडलं. शेजारच्या हिपोलिट ड्युपुईच्या घरात त्यांनी १९२८ पासून चहाची खोली चालवली, त्यावर खर्चाला हातभार लागायचा. काम इतकं चिकाटीचं की १९९६ पर्यंत त्यांनीच सांभाळलं.

या बायकांनी सांगितलेली गोष्ट होती सभ्य पायोनियर कुटुंबाची, चांदीचे चमचे, रेशमी पडदे, पाहुणचार. बाहेरून माळ्यावर जाणारा जिना दाखवून सांगायचं की आदिवासी पाहुणे रात्री तिथे झोपायचे. उधारीची वही आणि लष्करी आयोग त्यात जवळपास नाहीच. आज त्यावर नाक मुरडणारे खूप आहेत, पण माझं म्हणणं, १९१० मध्ये त्यांनी हात घातला नसता तर आज भांडायलाही घर उरलं नसतं. राज्याने १९९६ नंतर घेतलं, आता ते मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीचं ऐतिहासिक स्थळ आहे, आणि रोजचं बघणं डाकोटा काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, इतिहास संस्था करते. ही राज्यपातळीची सोसायटी १८४९ मध्ये स्थापन झाली आणि तिचा अध्यक्ष म्हणून खुद्द सिबलीनेही काम केलं होतं. म्हणजे आपल्या माजी अध्यक्षाची उलटतपासणी त्याच्याच संस्थेला करावी लागतेय.

आता म्युझियमवाल्यांच्या डोकेदुखीकडे येऊ. जुनं घर दाखवताना पहिला प्रश्न असतो, कुठल्या सालचं दाखवायचं? घर काही एकाच दिवशी गोठलेलं नसतं. १८४० चं दाखवलं तर ते कंपनीचं ऑफिस, फरचे गठ्ठे, हिशोबनीस, फ्रेंच बोलणारे नावाडी. १८५८ चं दाखवलं तर गव्हर्नरचं सुखवस्तू घर. १९१० चं दाखवलं तर या बायकांनी उभं केलेलं जुन्या जमान्याचं चित्र, जे आता स्वतःच शंभर वर्षांचं झालंय. एक साल निवडलं की भिंतीचा रंग, खोलीतलं सामान आणि गाइडच्या तोंडची वाक्यं, सगळं त्यावरून ठरतं. त्यात अशा घरांतलं सामान पुष्कळदा त्या काळातलं असतं पण त्या माणसाचं नसतं, ते विचारून घ्यावं, गाइड लोक चिडत नाहीत.

दुसरा प्रश्न कायद्याचा. घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय रजिस्टरमध्ये आहे, सिबली हाऊस १९७२ पासून. बऱ्याच जणांना वाटतं रजिस्टरमध्ये नाव आलं की कुणी हात लावू शकत नाही. तसं नाहीये. खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर पाडलं तर निव्वळ ते रजिस्टर त्याला अडवत नाही. केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा प्रकल्प मध्ये आला तरच तपासणी लागते. खरं संरक्षण मिळतं मालकीतून किंवा स्थानिक नियमांतून. सिबली हाऊस वाचलं ते त्याचा मालक आता सार्वजनिक आहे म्हणून.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तिथेच राजकारण घुसतं. हिस्टॉरिकल सोसायटी तशी खाजगी, ना-नफा संस्था, पण मोठा निधी राज्य सरकारकडून. पलीकडच्या फोर्ट स्नेलिंगच्या पाट्यांवर तिने ‘ॲट ब्डोटे’ हे शब्द जोडले, तर २०१९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये रिपब्लिकनांनी सोसायटीचा निधी कापायचा प्रस्ताव मंजूर करून घेतला. अंतिम बजेटमध्ये ती कपात टिकली नाही. पण पाटीवर दोन शब्द वाढवले तर लोकांचे पगार धोक्यात येऊ शकतात हे सगळ्यांना दिसलं.

दरम्यान सिबलीचं नाव दुसरीकडून उतरतही होतं. मेंडोटा हाइट्समधली हेन्री सिबली हायस्कूल २०२१ मध्ये टू रिव्हर्स हायस्कूल झाली, नाव त्याच दोन नद्यांवरून. त्याआधी २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या रॅमसी मिडल स्कूलला न्यायमूर्ती ॲलन पेज यांचं नाव दिलं गेलं. सिबली काउंटी मात्र अजून सिबली काउंटीच आहे. यावर लोक विचारतात की शाळेचं नाव काढलं तर घर का ठेवलं, दोन्हीकडे एकच न्याय लावा की. मला हे पटत नाही. शाळेला नाव देणं म्हणजे मान देणं, मुलांना सांगणं की यांच्यासारखे व्हा. घर हा पुरावा आहे. ज्या वखारीत उधारी लिहिली जायची ती वखार डोळ्यासमोर असेल तर तहाची गोष्ट पोरांना दहा मिनिटांत कळते, ती पाडून कुणाचा फायदा? डाकोटांचा तर नक्कीच नाही. मान काढून घेता येतो, पुरावा एकदा गेला की परत येत नाही. म्हणून घर ठेवा, सिबलीचं नावही ठेवा, फक्त गाइडने सुरुवात दिवाणखान्यातून न करता कंपनीच्या गोदामातून करावी.

आणि माफीचं काय? २०१२ मध्ये, युद्धाला १५० वर्षं झाली तेव्हा, गव्हर्नर मार्क डेटन यांनी रॅमसीचे १८६२ चे शब्द जाहीरपणे नाकारले. डाकोटांना संपवा नाहीतर राज्याच्या सीमेबाहेर कायमचं हाकला, अशा अर्थाचे ते शब्द होते. २०१९ मध्ये २६ डिसेंबरला गव्हर्नर टिम वॉल्झ मॅनकेटोला गेले आणि माफी मागितली. सिबलीच्या खुर्चीवरचे नंतरचे लोक हे करतायत, ही माझ्या मते त्या पदाची आठवण ठेवायची जास्त बरी पद्धत आहे.

डाकोटा लोक गेले असंही समजू नका. मेंडोटामध्येच मेंडोटा म्डेवाकांटन डाकोटा समाजाचं काम चालतं. केंद्र सरकारने त्यांना अजून स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिलेली नाही, पण त्यांचा वार्षिक वाचिपी, म्हणजे नाचगाण्याचा मोठा मेळावा, भरतो. गावाच्या वरची टेकडी, इंग्रजीत पायलट नॉब आणि डाकोटात ओहेयावाही, ही त्यांची दफनभूमी. १८५१ च्या मेंडोटा तहावर सह्या तिथेच झाल्या. या शतकाच्या सुरुवातीला तिथे घरं बांधायचा घाट घातला होता. आसपासचे रहिवासी आणि डाकोटा एकत्र येऊन लढले, टेकडीची बरीच जागा वाचली आणि २०१७ मध्ये तीही राष्ट्रीय रजिस्टरवर आली.

मिनियापोलिस-सेंट पॉल भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, कुणाचे आईवडील उन्हाळ्यात आले की मॉल ऑफ अमेरिका होतो, तळी होतात, डुलुथ होतं. त्यात हे अर्ध्या दिवसाचं ठिकाण बसवा. आधी ओहेयावाहीवर जा, वरून संगम, किल्ला आणि मेंडोटा एका नजरेत येतं. मग खाली कंपनीच्या दगडी गोदामात, आणि सिबलीच्या दिवाणखान्यात सगळ्यात शेवटी. पलीकडे किल्ल्याखालच्या नदीकाठावरही जा, तिथे कैद झालेल्या डाकोटांचं स्मारक आहे. घर आतून बघायचं तर उन्हाळ्यातच, तेही ठरावीक दिवशी, त्यामुळे वेळा आधी बघून घ्या. थंडीत गेलात तर दाराला कुलूप आणि उणे वीस तापमान, दोन्ही फुकट मिळेल.